उशिराची किंमत

परमा झालेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात राखाडी रंगाचे एक पाकीट मिळते. आत दोन औषधांच्या गोळ्या असतात. त्या एकाच वेळी, शक्यतो डॉक्टरांसमोरच घ्यायच्या. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने अशी सात पाकिटे ठरवून दिली. योनिमार्गाच्या संसर्गाला हिरवे, जननेंद्रियावरच्या जखमेला पांढरे, ओटीपोटाच्या सुजेला पिवळे, असे त्यांचे रंग. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवायचे नाही, लक्षणे पाहून पहिल्याच भेटीत औषध हातात द्यायचे, हा त्यामागचा विचार. औषध फुकट आणि तपासणीही फुकट.

मुंबईत बहुतेक वस्त्यांपासून पालिकेचा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो. तरीही तिथले तरुण हे आजार महिनोन् महिने अंगावर काढतात. गरीब मुले बेफिकीर असतात, त्यांच्यात ‘तसले प्रकार’ जास्त चालतात, असे एक उत्तर सुशिक्षित घरांत सहज दिले जाते. पण कॉलेजात जाणाऱ्या सुखवस्तू मुलाचे वय तेच असते आणि वागणेही पुष्कळदा तेच असते. फरक पडतो तो पुढच्या पंधरा दिवसांत. त्याला स्वतःची खोली असते, ओळखीचा डॉक्टर असतो, औषधाला पैसे असतात आणि कोणाला न सांगता घराबाहेर काढता येईल असा एक तास असतो. वस्तीतल्या मुलाकडे यातले एकही नसते. त्याचा आजार बरा होतो किंवा बळावतो, ते बहुतांशी या पंधरा दिवसांवर ठरते. या प्रकरणात आपण हा उशीर कुठे कुठे होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, ते पाहू.

दहा बाय दहा

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर भरली. त्यातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा पालिकेचा एम-पूर्व विभाग. १९२७ पासून शहराचा कचरा घेणारी देवनारची कचराभूमी इथलीच. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने आठ शहरांतल्या वस्त्यांचा वेगळा अभ्यास केला, त्यात मुंबई आणि नागपूर होते. शहरातले सगळे गरीब झोपडपट्टीत राहत नाहीत आणि झोपडपट्टीतले सगळे गरीब नसतात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून वस्तीला एकाच रंगात रंगवणे चूक आहे. मात्र एक अडचण वस्तीतल्या जवळजवळ सर्वांना सारखी असते, ती म्हणजे आडोशाची.

खोली दहा बाय दहाची, फार तर वर पोटमाळा. आई-वडील, भावंडे, कधी गावाहून आलेला चुलत भाऊ. पाळीचे कापड धुतले तर वाळत घालायला ऊन लागते आणि उन्हात घातले तर गल्ली पाहते. ते मग कपड्यांखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात दमट राहते. औषधाची पट्टी लपवायला कपाट नाही. फोनवर डॉक्टरांशी बोलायला दरवाजा लावता येत नाही. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यालाही एकांत मिळतो तो घाईचा, आणि घाईत निरोध वापरायचे राहून जाते.

शौचालय सार्वजनिक, रांगेचे. रात्री तिथे जाणे मुलींना धोक्याचे वाटते, म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो, जळजळ होते. ही जळजळ लैंगिक आजाराची की कमी पाणी पिण्याची, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पण ‘तिथे’ काहीतरी होते आहे हे घरात सांगण्याची लाज दोन्हींत सारखीच. २०११ मध्ये मुंबईत स्त्रियांच्या मोफत मुतारीसाठी ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली, तेव्हा अनेकांनी तिची थट्टा केली. मुळात तो आरोग्याचा प्रश्न होता.

आता वेळेचा हिशेब पाहा. समजा, धारावीत किंवा गोवंडीत जरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा काम करतो. तो झोपतोही तिथेच. सरकारी ओपीडीचा केस पेपर सकाळी निघतो, आणि सकाळ म्हणजे कामाची वेळ. एक खाडा झाला की रोज बुडतो. शिवाय ‘कशाला जातोस’ हे शेठला सांगावे लागते. तेव्हा तो रात्री नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, हळू आवाजात काहीतरी सांगतो आणि चार गोळ्या घेऊन येतो. परम्याच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी जुनी औषधे आता बहुधा चालत नाहीत. पण काउंटरवर अजून तीच मिळतात.

पालिकेची यंत्रणा घराघरांत पोचते, हे खरे. हेल्थ पोस्टच्या आरोग्य सेविका गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला आणि प्रत्येक बाळाला ओळखतात. मात्र त्यांच्या नोंदवहीत जननक्षम ‘जोडपी’ असतात. सतरा वर्षांची अविवाहित मुलगी किंवा कारखान्यात झोपणारा मुलगा त्या वहीत कुठल्याच पानावर येत नाही. आणि सेविका त्याच गल्लीत राहणारी, आईच्या ओळखीची. मुलीला जी मदत हवी असते, ती मागण्यासाठी तिला सगळ्यात आधी आईच्या मैत्रिणीला विश्वासात घ्यावे लागते.

गुप्तरोग आणि कमजोरी

लोकलच्या डब्यात आणि पुलाच्या खांबांवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’ अशा जाहिराती वर्षानुवर्षे चिकटलेल्या आहेत. त्यांचा धंदा चालतो, कारण वस्तीतल्या मुलग्यांना खरी भीती संसर्गाची वाटतच नाही. त्यांना भीती असते धातू जाण्याची, स्वप्नदोषाची, हस्तमैथुनाने हाडे पोकळ होण्याची. वैद्यकशास्त्र याबाबत स्वच्छ आहे. झोपेत वीर्य जाणे हा वयात येण्याचा भाग आहे आणि हस्तमैथुनाने कोणताही अशक्तपणा येत नाही. एवढे एक वाक्य शाळेत कोणी सांगितले असते, तर हजारो मुलांचे पैसे आणि झोप वाचली असती.

या शतकाच्या सुरुवातीला ईशान्य मुंबईतल्या वस्त्यांत ‘रिश्ता’ नावाचा एक मोठा संशोधन प्रकल्प झाला. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पॉप्युलेशन कौन्सिल आणि कनेक्टिकट विद्यापीठ यांचे अभ्यासक त्यात होते. विवाहित पुरुषांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले, की एचआयव्हीवर व्याख्यान दिले तर पुरुष ऐकून घेतात आणि निघून जातात. ‘कमजोरी’वर विचारले तर मात्र बसतात. मग त्यांनी हीच चिंता दार म्हणून वापरली. वस्तीतल्या आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिले, पालिकेच्या आरोग्य केंद्रात पुरुषांसाठी वेगळे क्लिनिक काढले आणि कमजोरीच्या तक्रारीतून दारू, बायकोशी नाते, बाहेरचे संबंध आणि संसर्ग या विषयांपर्यंत संवाद नेला. लोक ज्या डॉक्टरकडे आधीच जातात, त्यालाच शहाणे करणे हे नवी इमारत बांधण्यापेक्षा स्वस्त पडते, हा त्यातला मोठा धडा.

भोंदू वैद्याची ख्याती मात्र दुसऱ्या एका गोष्टीवर टिकून आहे, आणि ती गोष्ट आजाराच्या स्वभावात आहे. उपदंशाची, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्या आजाराची, पहिली जखम दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते, औषध घेतले तरी आणि नाही घेतले तरी. या काळात जो कोणी पुडी देईल, त्याच्या पुडीला गुण आला असे वाटते. जंतू मात्र रक्तात शिरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, तेही जाते. पुढे अनेक वर्षे काहीच दिसत नाही, आणि मग हृदय, रक्तवाहिन्या किंवा मेंदू यांवर घाव पडू शकतो. गरोदर स्त्रीकडून तो बाळाला जातो. खरे औषध आहे पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळदा एकच.

याच्या उलट प्रकारही घडतो. जांघेत खाज सुटली की मुलगा गुप्तरोग झाला म्हणून घाबरतो. घाम, घट्ट जीन्स, एकाच दोरीवरचे टॉवेल यांतून झालेला तो साधा नायटा असतो. मेडिकलवाला स्टेरॉइड मिसळलेले मलम देतो. दोन दिवस आराम पडतो, मग नायटा दुप्पट पसरतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. इथे आजार लैंगिक नाही, पण उशिराची रीत तीच.

ज्याला लक्षण नाही तो आजार

मुलींच्या बाबतीत शरीरच एक अडचण उभी करते. वयात येताना आणि त्यानंतरची काही वर्षे गर्भाशयाच्या मुखावरचा नाजूक पेशींचा थर बाहेरच्या बाजूने उघडा असतो. पुढे तो चिवट थराखाली झाकला जातो. क्लॅमिडिया आणि परमा यांच्या जंतूंना हा उघडा थर सोपा जातो. म्हणजे त्याच जोडीदाराकडून, तेवढ्याच संबंधांत, सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला संसर्ग होण्याचा धोका पस्तिशीच्या स्त्रीपेक्षा जास्त असतो. कमी वयात लग्न झालेल्या मुलीला हा धोका नवऱ्याकडून येतो आणि त्यात तिच्या ‘वागण्याचा’ संबंध नसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. शहरी भागात हे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा कमी आहे, पण संपलेले नाही.

दुसरी अडचण अशी की क्लॅमिडिया बहुतेक स्त्रियांत काहीच लक्षण दाखवत नाही. दाखवले तर पांढरे पाणी जाते, आणि पांढरे पाणी ही वस्तीत बायकांची रोजची तक्रार. थोडा स्वच्छ, वास नसलेला स्राव पाळीच्या मधल्या दिवसांत सगळ्यांनाच असतो. त्याला औषध लागत नाही. दही फुटल्यासारखा आणि खाज सुटणारा, किंवा पिवळा-हिरवा, दुर्गंधीचा, ओटीपोटात दुखण्यासह येणारा स्राव मात्र दाखवलाच पाहिजे. हा फरक आईलाच कोणी सांगितलेला नसतो, म्हणून ती मुलीलाही ‘सगळ्यांनाच होतं’ असे म्हणते.

न बऱ्या झालेल्या संसर्गाचा जंतू गर्भाशयातून बीजवाहक नलिकांपर्यंत चढतो. नलिका सुजतात, चिकटतात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच वाढून जिवावर बेततो. पंचविशीत ती नवऱ्याबरोबर वंध्यत्वाच्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा आठ वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या पाण्याची कोणाला आठवणही नसते. दोष मात्र तिच्याच पदरात पडतो.

याहून लांबचा उशीर एचपीव्ही विषाणूचा. तो तारुण्यात लागतो, बहुतेकींच्या शरीरातून निघूनही जातो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांतल्या काहींना चाळिशी-पन्नाशीत गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. याबाबत मुंबईच्या वस्त्यांनी जगाला एक महत्त्वाचा पुरावा दिला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्यांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहायचे, एवढीच तपासणी. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या स्त्रियांना इतकी वर्षे तपासणीविना का ठेवले, यावर नंतर वादही झाला. पण प्रयोगशाळा, वीज आणि मोठा डॉक्टर नसतानाही मृत्यू टळतात, हे सिद्ध झाले. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२३ पासून बाजारात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कमी वयातल्या मुलींना एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे म्हटले आहे. संबंध सुरू होण्यापूर्वी, ९ ते १४ वर्षांत ती देणे उत्तम. बाजारात तिची किंमत हजारांत जाते, म्हणून ज्या घरातल्या मुलीला ती सगळ्यात आधी मिळायला हवी, त्या घरापर्यंत ती सगळ्यात शेवटी पोचते.

पाळी चुकल्यावर

गर्भधारणेच्या प्रश्नात प्रत्येक उपायाला मुदत असते. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी परिणामकारक. ती २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. या गोळीने संसर्गापासून मात्र कसलेही संरक्षण मिळत नाही. ती महिन्यातून चारदा घेणे म्हणजे गर्भनिरोधन नव्हे, हे मेडिकलवाला सांगत नाही. एचआयव्हीचा धोका झाला असेल, विशेषतः बलात्कारानंतर, तर प्रतिबंधक औषधेही ७२ तासांतच सुरू करावी लागतात, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुली, बलात्कारपीडित अशा ठरावीक गटांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे.

कागदावर हा कायदा जगातल्या उदार कायद्यांत मोडतो. गल्लीत मात्र पहिला महिना ‘पाळी पुढे गेली असेल’ यात जातो, दुसरा पपई आणि गरम काढे यांत. तिसऱ्यात मुलगी मैत्रिणीच्या ओळखीने कुठेतरी ‘पिशवी धुवायला’ जाते. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, हे योग्यच. पण २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात स्त्रीभ्रूणहत्येचे मोठे प्रकरण उघड झाल्यावर राज्यात औषध दुकानांवर अशी धडक तपासणी झाली, की अनेक दुकानदारांनी या गोळ्या ठेवणेच बंद केले. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसते ते नऊ आठवड्यांनंतर. म्हणजे ज्या गोळीचा लिंगनिवडीशी संबंधच जुळत नाही, ती चिठ्ठी असूनही मिळेनाशी झाली आणि चोरबाजारात महाग झाली. अशा चोरट्या उपायांनंतर रक्त थांबत नाही म्हणून मुलगी शेवटी मोठ्या रुग्णालयात पोचते.

विवाहित तरुणींसाठी पर्याय पुष्कळ आहेत: तांबी, २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या कायमच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून आहेत. ही शस्त्रक्रिया दोन मुले झाल्यावरची. पहिले मूल लांबवणे आणि दोन मुलांत अंतर ठेवणे हा सारा काळ बहुतेक जणी नशिबावर सोडतात, आणि तोच त्यांच्या तारुण्याचा काळ असतो.

कायद्याच्या दारात

नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले. बालकांवरच्या अत्याचाराविरुद्ध असा कठोर कायदा हवाच होता. वस्त्यांत अत्याचार करणारा पुष्कळदा घरातला किंवा शेजारचा असतो, आणि या कायद्यामुळे मुलीला पहिल्यांदा ठोस आधार मिळाला. पण त्यातल्या कलम १९ नुसार अशी घटना कळणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मुलाबरोबरच्या संबंधानंतर पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात आली, तरी डॉक्टरांना हेच बंधन. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरला. त्यामुळे लहान वयात लग्न झालेली गरोदर मुलगीही नाव नोंदवायला कचरते. मुली वय खोटे सांगतात, किंवा येतच नाहीत.

एनफोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० च्या पॉक्सो निकालांचा अभ्यास केला. चारांपैकी जवळपास एक प्रकरण प्रेमसंबंधाचे निघाले. पुष्कळदा मुलगी पळून गेल्यावर तिच्याच घरच्यांनी केलेली ती तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक वाट काढून दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत फार मोलाची आहे. ती प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहून लावली, तर अनेक मुली तिसऱ्याऐवजी पहिल्या महिन्यात येतील.

मुलग्यांशी कोण बोलणार

लीना अब्राहम यांनी मुंबईतल्या कमी उत्पन्न गटातल्या कॉलेज विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामुलींनी आपल्या नात्यांचे तीन प्रकार सांगितले: भाई-बहन, ट्रू लव्ह आणि टाइमपास. मुलगी ज्याला ट्रू लव्ह समजते ते मुलाच्या लेखी टाइमपास असू शकते, आणि तिथेच धोका असतो. ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ या प्रश्नापुढे निरोधाचा विषय काढणे मुलीला अवघड जाते. काढला, तर ‘तुला एवढं कसं माहीत?’ हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

म्हणून मुलग्यांशी बोलणे भाग आहे. चेंबूरच्या कोरो संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलबरोबर मुंबईच्या वस्त्यांत ‘यारी-दोस्ती’ हा उपक्रम चालवला. ब्राझीलमधल्या एका कार्यक्रमावरून तो बेतला होता. वस्तीतलेच तरुण गटाचे नेते झाले. मर्दानगी, बायकोवर हात उचलणे, नकाराचा अर्थ, निरोध यांवर आठवड्यांमागून आठवडे खेळ आणि चर्चा झाल्या. पाहणीत मुलांचे विचार बदललेले दिसले, निरोधाचा वापर वाढला. पुढे ‘जेम्स’ या उपक्रमात पालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर हेच काम लवकरच्या वयात झाले. ज्या मुलग्यांना मुलग्यांविषयीच ओढ वाटते, त्यांची कोंडी दुहेरी. २०१८ मध्ये ३७७ कलमातून संमतीचे प्रौढ संबंध वगळले गेले, पण गल्लीतल्या चिडवण्याला कलम लागत नाही. हे मुलगे दवाखान्यात खरी तक्रार सांगत नाहीत आणि चुकीचे औषध घेऊन परततात.

माहिती जुनीच आहे

हे सारे ज्ञान या शहराला नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचे पुस्तक लिहिले. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजमधली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेच्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात प्रभाकर रोहम यांनी मांडला. गरिबीत वारंवार येणाऱ्या बाळंतपणाने स्त्रीचे शरीर खंगते, हा त्यातला मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ या आक्षेपावरून महाराष्ट्रातल्या शाळांत बंद पडला.

त्या वेळी शाळेत असलेली मुले आज आई-वडील झाली आहेत. पाचव्या पाहणीत देशभरात एचआयव्हीबद्दल पुरेशी आणि अचूक माहिती असलेल्या स्त्रिया सुमारे २२ टक्के आणि पुरुष सुमारे ३१ टक्के निघाले. आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक, २०२१ च्या अंदाजानुसार जवळपास चार लाख आहे. आता मुलांची शिकवणी मोबाइल घेतो. पॉर्नमध्ये निरोध क्वचितच दिसतो आणि नकार तर दिसतच नाही.

उशीर कसा कमी होतो

व्यवस्था अगदीच नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आणि एचआयव्ही तपासणीसाठी आयसीटीसी केंद्र असते. तिथला अहवाल गुप्त ठेवणे हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधन आहे. एचआयव्हीची एआरटी औषधे २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता बोलता येते. अत्याचार होत असेल तर मुलांसाठी १०९८ आहे.

कमतरता आहे ती या सोयी तरुणांच्या वेळापत्रकात आणि लाजेत बसवण्याची. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत रात्री उशिरापर्यंत डॉक्टर असतात. जरीच्या कारखान्यातल्या मुलासाठी ही एक सुधारणा दहा पोस्टरांपेक्षा मोठी आहे. निरोध काउंटरवर मागावे लागू नयेत, डबा कोणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी असावा. केस पेपर काढताना ‘काय होतंय?’ हा प्रश्न खिडकीतून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा विचारला जाऊ नये. जोडीदाराचे औषध रुग्णाच्याच हाती देण्याची सोय हवी, नाहीतर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. मुलीला आईच्या मैत्रिणीऐवजी दुसऱ्या गल्लीतली सेविका भेटावी.

तरुण वाचकांसाठी नियम थोडेच आहेत. जखम, स्राव किंवा जळजळ आपोआप गेली तरी तपासून घ्यावी. मेडिकलवाल्याच्या गोळीने आराम पडला म्हणजे आजार गेला असे समजू नये. पाळी एक आठवडा पुढे गेली की घरी करायची लघवीची चाचणी करावी, ती स्वस्त आहे. जोडीदाराला सांगावे, कितीही अवघड वाटले तरी.

पालिका मात्र आपले यश किती पोस्टर लावले, किती शिबिरे घेतली, किती निरोध वाटले यांत मोजते. त्याऐवजी पहिले लक्षण दिसल्यापासून पहिली योग्य गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा प्रत्येक दवाखान्याने प्रत्येक रुग्णाकडून विचारून लिहून ठेवावा. नाव लिहायची गरज नाही, वय आणि दिवस पुरेत. गोवंडीतला आकडा आणि दादरमधला आकडा शेजारी शेजारी छापला, की तरुणांच्या चारित्र्यावरची चर्चा मागे पडेल आणि दवाखान्याच्या वेळा, रांगा, खिडक्या आणि डॉक्टरांचे बोलणे यांवर सुरू होईल. नगरसेवकाला प्रश्न विचारायचा असेल, तर त्याच आकड्याबद्दल विचारावा.